चौदा नंबर

सूर म्हणतात या गावाला. गाण्याशी संबंध नाही.
इथं ऐकू येतात ते गलबतं डागडुजणारांचे हातोडे
आणि संध्याकाळी, क्लबच्या मागं, माझं मशीन.

मी परकार, मूळचा हर्णैचा.
एकवीस वर्षं दुसऱ्यांचा घाम धुतोय.
शर्ट वाळला की पाठीवर मिठाचा नकाशा उमटतो,
मिनेगिशीचा सगळ्यांत मोठा.
जपानहून आला तो बत्तिसाव्या वर्षी,
दोन बॅगा, एकीत नुसते बूट,
आणि बूट स्वतःच पुसायचा.
ते माझं काम. मी भांडलो. तो वाकला.
पुन्हा भांडलो, तो आणखी खाली वाकला.
शेवटी तह झाला:
डावा त्याचा, उजवा माझा.

मैदानात शिरण्याआधी रेघेपाशी उभा राहून
रिकाम्या गवताला नमस्कार करायचा.
पोरं हसायची. मला नाही हसू आलं.
माझा बाप होडीत पाय टाकण्याआधी
नाळेला हात लावायचा, कुणी बघत नसताना.

माझं नाव त्याला जमलं नाही.
पारुकारु-सान.

तिसऱ्या सीझनला, निझवाकडच्या टीमशी मॅच,
अंगावर कुणी आलंसुद्धा नव्हतं.
तो वळला
आणि गुडघा वळला नाही.
बर्फाची बादली घेऊन मी धावलो.
तो उठू बघत होता.
इंग्रजी, अरबी, होती नव्हती ती सगळी पळाली तोंडातून.
छातीवर हात ठेवून म्हटलं,
थांब.
थांब रे, बाबा.
तो थांबला.

मग मस्कतचा डॉक्टर, मग आठ महिने,
मग परतीच्या तिकिटाची तारीख दोनदा पुढं.
काठी टेकत किनाऱ्यावर जाऊन बसायचा.
ओहोटीला तिथं कोळ्यांची पोरं खेळतात,
भरती आली की समुद्र आधी एक गोल गिळतो, मग दुसरा.
महिनाभर नुसता बघत राहिला.
एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणाला, रिकाम्या बाटल्या दे.
साबणाच्या चौदा बाटल्या दिल्या.
त्यानं त्या ओल्या वाळूत रांगेनं रोवल्या,
घड्याळात भरतीची वेळ पाहिली,
आणि टाळी वाजवली.

क्लबनं कागदावर लिहिलं: सहायक. पगार निम्मा.
शिट्टी गळ्यात असायची, वाजवायचा नाही.
पोरं मेंढरांसारखी चेंडूमागं सुटली
की ओरडायचा, तांबु!
पोरांना वाटलं, जपानी.
हडकुळा मुसल्लम एकदा मशीनपाशी येऊन विचारतो,
चाचा, तांबु म्हणजे काय त्यांच्यात?
मी काय सांगणार?
म्हटलं, चेंडू पायाखाली घे,
मान वर कर,
आपलं कोण कुठं उभं आहे ते बघ.
एवढं सगळं? एका शब्दात?
म्हटलं, जपानीत मावतं.

चौदा नंबर कुणाला द्यायचा, मॅनेजरनं विचारलं.
मिनेगिशी बोलला नाही, मुसल्लमकडं बघितलं फक्त.
दोन्ही बाजूंनी शिवण घेतली तरी
शर्ट त्याच्या अंगावर शिडासारखा फुगायचा.

पहिली मॅच. मुसल्लमवर तिघं चालून आले.
सगळं गाव ओरडतंय, मार, मार.
मिनेगिशी रेघेबाहेर, हात खिशात, तोंड बंद.
पोरानं चेंडूवर पाय ठेवला.
मान वर केली.
पुढचं मला नीट दिसलं नाही,
माझं लक्ष रेघेकडं:
मिनेगिशी जागच्या जागी वळला होता,
त्याच बाजूला, त्याच गुडघ्यावर,
आणि त्याचं त्यालाही कळलं नसावं.

रात्री शर्ट धुवायला घेतला.
पाठीवर मीठ, अगदी थोडं,
एखादं बेट असावं तेवढं.
दारात सावली पडली. मिनेगिशी.
हातात मुसल्लमचे बूट, वाळूनं भरलेले.
उजवा माझ्यापुढं ठेवला
आणि डावा घेऊन
पायरीवर बसला.